एकवीस प्रश्न आणि मुंब्रा

रमजानच्या आधी शाबानच्या महिन्यातली गोष्ट आहे. कौसाच्या आमच्या घरात दुपारची वीज गेली होती. अम्मीच्या शिलाई मशीनला मोटर बसवल्यापासून वीज गेली की तिचे काम थांबते. ती रिकामी बसलेली बघून मी एक प्रश्नावली काढली. मानसशास्त्रातली होती, २१ प्रश्नांची. मोठा आघात सोसल्यावर माणसात काय बदल झाला, तो ० ते ५ गुणांत सांगायचा. काहीच बदल झाला नसेल तर शून्य, फार मोठा झाला असेल तर पाच. मी एकेक प्रश्न मराठी करून वाचत होतो.

'आघात' हा शब्द आला तेव्हा तिने हात वर केला. "सदमा म्हण ना सरळ."

मग म्हणालो सदमा. कोणता, ते सांगावे लागले नाही. आमच्या घरात तो एकच आहे, जानेवारी १९९३ चा.

तिची उत्तरे भराभर आली. स्वतःच्या ताकदीचा अंदाज आला का? पाच. आयुष्याला नवी वाट मिळाली का? पाच. श्रद्धेच्या प्रश्नावर ती थोडी रागावलीच, "हे असं नंबर देऊन मोजायचं नसतं." तो मी सोडून दिला. नंतर प्रश्न आला की इतर लोकांशी जवळीक वाढली का.

"कोणत्या लोकांशी?"

मी म्हणालो, "लोकांशी. बाकीच्या माणसांशी."

"हो, पण कोणत्या? इथल्या की तिथल्या?"

प्रश्नावलीत ही सोय नव्हती. ती चौकट रिकामी राहिली. तेवढ्यात वीज आली आणि अम्मी उठली. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मी वाचत गेलो तसे लक्षात आले की कौसात बसलेल्या बाईला जे सहज दिसले, तिथपर्यंत यायला संशोधकांना बराच वेळ लागला होता.

या संकल्पनेला मराठीत 'आघातोत्तर विकास' म्हणता येईल. ती मांडली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी. १९९५ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि १९९६ मध्ये ही २१ प्रश्नांची मोजपट्टी. त्याआधी आघाताचा अभ्यास म्हणजे मुख्यतः नुकसानीचा अभ्यास होता. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या थरथरण्याला 'शेल शॉक' म्हटले गेले. व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांनी लढा दिला, त्यानंतर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत 'पीटीएसडी' हे निदान दाखल झाले. टेडेस्की आणि कॅल्हून विधवा झालेल्या स्त्रियांशी, मूल गमावलेल्या आई-बापांशी बोलत होते. त्यांना दिसले की काही माणसे दुःख तसेच बाळगूनही पूर्वीपेक्षा वेगळी, काही बाबतींत मोठी झाली आहेत. त्यांनी पाच बाबी काढल्या: माणसांशी नाते, नव्या शक्यता, स्वतःची ताकद, श्रद्धेतला बदल आणि आयुष्याची किंमत कळणे.

विचार म्हणून यात फार नवे नाही. व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावणीतून सुटल्यावर १९४६ मध्ये हेच लिहिले होते. आपल्याकडे घराघरांत 'सब्र' हा शब्द आहे. प्रेषितांच्या चरित्रात एका अख्ख्या वर्षाला 'दुःखाचे वर्ष' म्हणतात, कारण त्या वर्षी हजरत खदीजा आणि काका अबू तालिब दोघेही गेले. हिजरत त्यानंतरची आहे. टेडेस्की-कॅल्हून यांनी या जुन्या विचाराला मोजपट्टी दिली. ती पट्टी तपासली मात्र अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. अम्मीची अडचण बहुधा तिथूनच सुरू होते.

त्यांची एक उपमा प्रसिद्ध आहे, भूकंपाची. आघात माणसाच्या मनातल्या गृहीतकांची इमारत पाडतो. 'जग बरे आहे, माझ्या बाबतीत असे होणार नाही' या समजुती कोसळतात. मग माणूस मलब्यातून नवी इमारत उभारतो, आणि विकास होतो तो या उभारणीतून, हादऱ्यातून नव्हे. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे, त्यांच्या टीकाकारांनी याकडे लक्ष द्यायला हवे. पण उपमेचीच एक अडचण आहे. १९९३ याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला. तिथे वाचलेल्या माणसाने 'हे कोणी केले' असे विचारले तर आकाशाकडे बोट दाखवता येते. मुंबईत तसे नव्हते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर होते. अहवाल १९९८ मध्ये सादर झाला. त्यात नावे आहेत, पोलीस ठाणी आहेत, तारखा आहेत. ज्या आघाताला करणारे हात असतात, त्यानंतरची उभारणी एकट्याच्या मनात पूर्ण होत नाही. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातावरच्या आपल्या पुस्तकात असेच म्हटले होते: सावरणे नात्यांतच घडते, एकांतात नाही.

आता आमच्याविषयी. आम्ही शिवडीजवळच्या एका चाळीत राहत होतो. अब्बा गोदीत कामाला होते. चोवीस खोल्यांत चार आमच्या लोकांच्या. डिसेंबरची पहिली फेरी चाळीबाहेरूनच गेली. दुसरी फेरी ६ जानेवारीला सुरू झाली आणि दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे आम्ही दोन पिशव्या घेऊन निघालो. मी ९ वर्षांचा होतो. कौसात अम्मीची खाला राहत होती, तिच्याकडे गेलो. दोन दिवसांनी आमची खोली फुटली. सामान गेले, दार गेले. शिलाई मशीन मात्र वाचले, कारण शेजारच्या काकूंनी ते आदल्या रात्रीच आपल्या खोलीत ओढून नेले होते आणि वर गाद्या रचून ठेवल्या होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काका ते टेम्पोत घालून मुंब्र्याला घेऊन आले. नंतर १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे मेली. "आठवडाभर उशीर झाला असता तर तो आला नसता," असे अब्बा पुढे कित्येकदा म्हणाले. अम्मीला हे कधी पटले नाही. यावर त्यांचे दर वेळी भांडण होई.

मुंब्रा तेव्हा आजचे मुंब्रा नव्हते. एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. कौसात आम्हा कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, आसपास आगरी गावे. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली तेव्हापासून लोहमार्ग इथून जातो. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाल्यापासून बऱ्याच जलद गाड्या स्टेशन टाळून डोंगरातून निघून जातात. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली आणि मुंब्रा तिच्या हद्दीत आले. १९९३ नंतर मुंबईतून माणसे येत राहिली. कोणी जोगेश्वरीहून, कोणी धारावीहून, कोणी आमच्यासारखे गोदीच्या बाजूचे. बिल्डरांनी डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती चढवल्या. कागदपत्रे विचारायला कोणाला सवड नव्हती. घाईची किंमत कशी असते ते ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याच्या इमारतीने दाखवले. बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली.

पण या वस्तीत माणसे वाढलीसुद्धा, हे लिहिले नाही तर खोटे होईल. आमच्या इमारतीत एका बाईने स्वयंपाकघरात शिकवणी सुरू केली, पुढे तिची शाळा झाली. टँकरच्या पाण्याची यादी करता करता काही जण कार्यकर्ते झाले. अम्मीचेच घ्या. चाळीत असताना तिने कधी एकटीने तिकीट काढले नव्हते. मुंब्र्यात आल्यावर ती परकर, मग मुलींचे ड्रेस, मग शाळांचे गणवेश शिवू लागली. १९९६ पर्यंत ती कापड आणायला एकटी उल्हासनगरला जात होती. हिशेबाची वही ठेवायला शिकली. कितीतरी मुलींना तिने शिवण शिकवले. तिचा पाच हा आकडा तिने कमावलेला आहे.

अब्बांना कोणी प्रश्नावली दिली नाही. दिली असती तर २१ शून्ये भरली असती. निवृत्त होईपर्यंत ते रोज शिवडीला जात राहिले, पण चाळीच्या गल्लीत पाऊल ठेवले नाही. स्टेशनवरून लांबच्या रस्त्याने जायचे. घरी बोलणे कमी होत गेले. रात्री दाराला कडी लावली की नाही ते तीन-तीनदा बघायचे. मूळ पट्टीत उणे गुण नाहीत. माणूस आक्रसला तर ते नोंदवायला जागाच नाही, सगळी मोजणी शून्यापासून वर. टीकाकारांनी हे दाखवले, आणि २००८ मध्ये टेडेस्की-कॅल्हून यांच्याच गटाने प्रत्येक प्रश्नाची उलटी जोडी घालून पट्टी ४२ प्रश्नांची केली. चूक मान्य करणारे संशोधक मला आवडतात. अब्बा २००९ मध्ये गेले. त्या नव्या पट्टीत कदाचित ते मावले असते.

ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच सुरू केली. म्हणजे ही भाषा आमच्यापासून दोन स्टेशनांवर होती. आमच्या घरात मात्र अब्बांच्या कडीला 'अब्बांची सवय' म्हणत.

उल्हासनगरचा उल्लेख वर आला आहे, तिथे थोडे थांबायला हवे. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबे ठेवली गेली, जवळपास एक लाख माणसे. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि सिंधमधून निघणाऱ्यांचा लोंढा वाढला. (तारीख पाहा. ४५ वर्षांनी त्याच तारखेला मुंबईची दुसरी फेरी सुरू झाली. यात अर्थ काही नाही, पण मला ती विसरता येत नाही.) ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प दोन असेच सांगतात. 'शरणार्थी' म्हटलेले सिंध्यांना आवडत नसे, ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवत. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. त्यात कौतुक आहे आणि थोडी टवाळीही.

अम्मी ज्या दुकानातून कापड घेते तिथले शेठ बराकीत जन्मले. मी लहानपणी तिच्यासोबत जायचो तेव्हा ते मला शेव द्यायचे. त्यांनी एकदा सांगितले की त्यांची आई सिंधविषयी कधी बोलली नाही. मुलांनी विचारले तर उठून जायची. फक्त मासळी बाजारात गेली की पल्ला मिळतो का विचारायची. पल्ला म्हणजे सिंधू नदीतला मासा. कल्याणच्या बाजारात दुसरे मासे पुष्कळ होते, ते न घेता ती परत यायची. शेठ हे हसत सांगत होते. अम्मी हसली नाही. तिने विचारले, "तिचं शेजारी कोण होतं तिकडे?" शेठना माहीत नव्हते.

पुरुषार्थ खराच होता. दुकाने, कारखाने, कॉलेजे उभी राहिली. फाळणी सोसलेल्यांचे मौन मात्र फार उशिरा ऐकले गेले. उर्वशी बुटालिया यांचे 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' १९९८ मध्ये आले, नंदिता भवनानी यांचा सिंधी निर्वासितांवरचा ग्रंथ २०१४ मध्ये. तोवर जगाला दिसत होते ते दुकान. विकासाची ही एक अडचण आहे, तो दिसतो म्हणून बाकीचे झाकले जाते.

दिसणारा विकास कितपत खरा असतो, यावरही संशोधकांत वाद आहे. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधी युक्ती केली. दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची आधीच मोजणी करून ठेवली आणि काही आठवड्यांनी पुन्हा केली. मधल्या काळात शंभरावर विद्यार्थ्यांवर मोठा आघात झाला होता. त्यांनी 'मी इतका वाढलो' असे जे सांगितले, त्याचा दोन मोजण्यांमधल्या प्रत्यक्ष बदलाशी फारसा मेळ बसला नाही. उलट, वाढ झाल्याचे सांगणाऱ्यांत त्रास वाढलेला होता आणि प्रत्यक्ष वाढ झालेल्यांत तो कमी झालेला. म्हणजे काही वेळा 'मी वाढलो' हे वाक्य म्हणजे कुबडी असते. कुबडी वाईट नसते, पाय बरा झाल्याचा पुरावा तेवढी नसते.

अम्मीच्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ मला स्टीव्हन हॉबफॉल दिसले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या ज्यू आणि अरब नागरिकांना हिंसाचारानंतर विचारले. ज्यांनी आपला विकास झाल्याचे सांगितले, त्यांच्यात लक्षणे कमी नव्हती, जास्त होती. आणि आपल्या गटाला चिकटणे, परक्यांविषयी कठोर होणे हेही जास्त होते. इतरांशी जवळीक वाढली हे खरे, पण ते इतर म्हणजे आपलेच. हॉबफॉल यांचे म्हणणे असे पडले की विकास कृतीत उतरला तरच त्याचा उपयोग, नुसत्या मनातल्या अर्थाचा नाही. हे मी मुंब्र्यात डोळ्यांनी पाहिले आहे. १९९३ नंतर आमची आपसातली जवळीक इतकी वाढली की कोणाच्या घरी मय्यत झाली तर अख्खी इमारत उभी राहते. आणि माझ्या भाचीला शाळा संपेपर्यंत एकही हिंदू मैत्रीण नव्हती. हे दोन्ही एकाच सदम्याचे. बाहेरच्यांनीही आपला वाटा उचलला. मुंब्र्याचा पत्ता पाहून कर्जाचा अर्ज बाजूला ठेवणारे मला भेटले आहेत, रात्री मुंब्र्याला यायला नाही म्हणणारे रिक्षावालेही.

तिथल्या आणि इथल्या दोघांशी जवळीक वाढल्याचे उदाहरण मला याच ठाणे जिल्ह्यात मिळाले, भिवंडीत. या यंत्रमागांच्या गावाने १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये भयंकर दंगली सोसल्या. १९७० च्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आहे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागातला साधा पोलीस, ठरलेल्या वेळी एकत्र बसायचे. विषय मोठे नसत. गटार, नळ, भाडेकरूचे भांडण, कुठली अफवा. धर्मावर प्रवचन कोणी देत नसे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा सगळ्यांना वाटले आता भिवंडी. भिवंडी पेटली नाही. खोपडे यांनी पुढे यावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. १९८४ ची जखम त्या गावाकडे होतीच. तिच्यामुळे गाव आपोआप शहाणे झाले असते तर १९७० नंतरच झाले असते. चार वर्षे गटारावर एकत्र भांडल्यामुळे माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. हेही कायमचे नव्हते. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे गोळीबार झाला, माणसे मेली, जमावाने दोन पोलीस शिपायांना मारले. बैठका थांबल्या की ओळखही विरते.

मुंब्र्यातही आता असे प्रयत्न आहेत. 'परचम' या संस्थेने २०१२ पासून इथल्या मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात आणले. मैदानावर मुलींसाठी वेळ राखावी म्हणून मुलींनी सह्या गोळा केल्या. संघात वेगवेगळ्या समाजांच्या मुली असाव्यात, हा त्यांचा आग्रह आहे. माझी भाची तेव्हा मोठी झाली होती, तिची संधी हुकली.

काकूंचे राहिले. चाळ पडली तेव्हा त्या डोंबिवलीला गेल्या. परळ-शिवडीची निम्मी चाळ डोंबिवलीत आणि उरलेली मुंब्र्यात, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. मुंब्रा आणि डोंबिवली यांच्यामध्ये दिवा आणि कोपर एवढी दोनच स्टेशने. तीस वर्षांत अम्मी आणि काकू दोनदा भेटल्या होत्या, दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नात. भांडण नव्हते. जाणे झाले नाही एवढेच.

वीज गेलेल्या त्या दुपारनंतर महिन्याभराने, ईदनंतरच्या रविवारी, अम्मी स्वतःच म्हणाली, डोंबिवलीला जाऊ. शीरखुर्म्याचा डबा घेतला. काकूंचे गुडघे गेले आहेत, दार उघडायला त्यांना वेळ लागला. "भाभी, मशीन चालतंय का गं अजून?" हे पहिले वाक्य. अम्मी म्हणाली, "चालतंय वहिनी, मोटर बसवलीय आता." मग दोघी गुडघ्यांवर आणि सुनांवर बोलल्या. काकांचा फोटो भिंतीवर होता. काकूंनी विचारले, मुंब्र्यात भीती नाही का वाटत? अम्मीने विचारले, डोंबिवलीत वाटते का? दोघींनीही उत्तर दिले नाही, चहा आला.

परतीच्या गाडीत मी तिला रिकाम्या चौकटीची आठवण केली. म्हणाली, "घरी गेल्यावर बघू." कागद अजून मशीनच्या खणात आहे.